सॉफ्टवेअर चाचणीतील मानवी व स्वयंचलित पद्धतींचा समतोल : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

सॉफ्टवेअर निर्मितीच्या क्षेत्रात चाचणीची दोन रूपे प्रचलित आहेत. एका रूपात चाचणी घेणारी व्यक्ती स्वतः प्रणाली हाताळते, निरनिराळी माहिती भरून पाहते, पडद्यावर काय उमटते याचे निरीक्षण करते आणि मिळालेले उत्तर योग्य की अयोग्य याचा निर्णय घेते. दुसऱ्या रूपात हा निर्णय आगाऊच लिहून ठेवलेला असतो. अमुक माहिती दिली असता अमुक उत्तर आले पाहिजे, असे सांगणारी एक छोटी आज्ञावली तयार केली जाते आणि ती संगणकच पुनःपुन्हा चालवितो. व्यवसायात पहिल्या पद्धतीस ‘मॅन्युअल टेस्टिंग’ व दुसरीस ‘ऑटोमेशन’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांना अनुक्रमे मानवी चाचणी व स्वयंचलित चाचणी असे संबोधले आहे. ‘हस्तचलित’ हा पर्याय मूळ शब्दाला अधिक जवळचा असला तरी तो टाळला आहे. कारण या कामात हाताचा वाटा फारच थोडा असतो.

या दोन पद्धतींच्या संबंधाविषयी रूढ असलेली मांडणी थोडक्यात अशी : प्रारंभी सर्व चाचण्या माणसे करीत; प्रणाली मोठ्या झाल्या तसे ते अशक्य झाले; मग साधने आली आणि माणसाचे काम क्रमाक्रमाने घटत गेले. नोकरीच्या जाहिरातींपासून परीक्षेच्या टिपणांपर्यंत ही सरळ रेषा सर्वत्र आढळते. इतिहासाची साधने मात्र तिला दुजोरा देत नाहीत. संगणकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी उभ्या राहिलेल्या दिसतात. पुढील पाऊण शतकात त्यांच्यातील प्रमाण वेळोवेळी बदलले. त्या बदलामागे चाचणीविषयीच्या नव्या ज्ञानाइतकाच, किंबहुना काही वेळा त्याहून अधिक, वाटा श्रमाच्या किमतीचा आणि श्रमिकाच्या प्रतिष्ठेचा होता. कोणती पद्धत कोणत्या जातीची चूक शोधू शकते हा मूळ प्रश्न बहुधा अपघात घडल्यानंतर विचारला गेला. हे प्रतिपादन काही निवडक प्रसंगांच्या आधारे येथे केले आहे. त्यांतील बहुतेक प्रसंग ब्रिटन व अमेरिकेतील आहेत, कारण हा इतिहास प्रामुख्याने तेथे घडला. पुण्याचा संबंध १९८० नंतर येतो.

केंब्रिज, १९४९

यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणण्याची प्रथा संगणकापेक्षा जुनी आहे. एडिसनच्या १८७८ मधील पत्रव्यवहारातही तो शब्द याच अर्थाने येतो. हार्वर्ड विद्यापीठातील मार्क-२ या यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी सापडलेल्या पतंगाची कथा सर्वश्रुत आहे. तो पतंग नोंदवहीत चिकटवून, खराखुरा ‘बग’ प्रथमच हाती लागला, अशा आशयाचा शेरा तेथे लिहिला गेला. हा विनोद शब्द आधीपासून वापरात असल्याखेरीज संभवत नाही. त्या कथेने शब्दाचा उगम सांगितला जातो, तो बरोबर नव्हे.

चाचणीच्या इतिहासाचा अधिक भक्कम आरंभबिंदू केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक होय. ६ मे १९४९ रोजी त्यावर पहिली आज्ञावली यशस्वीपणे चालली. त्यानंतर मॉरिस विल्क्स यांनी एका विकलक समीकरणाच्या उकलीसाठी लिहिलेली आज्ञावली केवळ १२६ ओळींची होती. तिची कागदी फीत पुढे इतिहासकार मार्टिन कॅम्पबेल-केली यांनी तपासली, तेव्हा तीत सुमारे २० चुका आढळल्या. आपल्या उर्वरित आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच आज्ञावल्यांतील चुका शोधण्यात जाणार आहे, याची जाणीव याच सुमारास झाल्याचे विल्क्स यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. गणिती मंडळींना हा धक्का अनपेक्षित होता. आज्ञावली लिहिणे हे बुद्धीचे काम व ती चालविणे हे यंत्राचे, एवढेच त्यांनी गृहीत धरले होते. मधल्या कामाला तोवर नावही नव्हते.

एडसॅकच्या उद्‌घाटनानिमित्त त्याच वर्षी जूनमध्ये भरलेल्या परिषदेत ॲलन ट्युरिंग यांनी मोठ्या आज्ञावलीची शहानिशा कशी करावी या विषयावर एक छोटा निबंध वाचला. मोठी बेरीज करताना हातचे लिहून ठेवले, तर तपासणाऱ्याला प्रत्येक स्तंभ स्वतंत्रपणे पडताळता येतो, हा त्यांचा दाखला होता. त्याचप्रमाणे आज्ञावलीकाराने ठरावीक टप्प्यांवर काय सत्य असले पाहिजे याची विधाने लिहून ठेवावीत, असे त्यांनी सुचविले. पुढे १९५१ मध्ये स्टॅन्ली गिल यांनी एडसॅकवरील चुकांच्या निदानासंबंधी निबंध प्रसिद्ध केला. आज्ञावली चालत असताना तिचा माग काढून छापणारी दुसरी आज्ञावली त्यात वर्णिलेली आहे. संगणकाकडूनच संगणकाचे काम तपासून घेण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न म्हणावा लागेल. तात्पर्य, माणसाने डोळ्यांनी पाहणे, विधान आगाऊ लिहून ठेवणे आणि यंत्राने माग काढणे या तिन्ही गोष्टी तीन वर्षांच्या अवधीत एकाच ठिकाणी दिसतात.

स्वतंत्र कृती, स्वतंत्र माणूस

१९५७ मध्ये चार्ल्स बेकर यांनी एका पाठ्यपुस्तकाचे परीक्षण करताना दोन प्रश्न वेगळे केले. आज्ञावली चालते ना, हा एक. आणि तिने जो प्रश्न सोडवावयाचा तो ती सोडविते ना, हा दुसरा. दोषनिवारण व चाचणी यांतील भेद येथपासून रूढ झाला. यानंतर आयबीएमच्या ३६० मालिकेच्या कार्यप्रणालीचे प्रचंड काम झाले. त्या अनुभवावरून फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात वेळापत्रकाचा जो ठोकताळा दिला तो बोलका आहे : एकतृतीयांश वेळ नियोजनास, एकषष्ठांश लेखनास आणि उरलेला अर्धा चाचणीस. १९६९ साली रोम येथे नाटोच्या वतीने भरलेल्या परिषदेत एड्स्गर डायक्स्ट्रा यांनी चाचणीची तात्त्विक मर्यादाही सांगून टाकली होती. चाचणीने चूक असल्याचे दाखविता येते. चूक नाही हे सिद्ध करता येत नाही.

ग्लेनफर्ड मायर्स यांच्या १९७९ च्या पुस्तकाने या मर्यादेचा स्वीकार करून चाचणीचा हेतूच पालटला. आज्ञावली बरोबर आहे हे दाखविण्यासाठी चाचणी घेणारा नकळत सोपी उदाहरणे निवडतो, म्हणून चूक सापडावी हाच उद्देश धरावा, आणि लेखकाने स्वतःच्या आज्ञावलीची चाचणी स्वतः घेऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या क्षेत्रात प्रश्नपत्रिका काढणारा आणि ती तपासणारा यांच्यातील अंतर ज्या कारणासाठी राखले जाते, त्याहून हे कारण फारसे वेगळे नाही. या भूमिकेतून ‘टेस्टर’ नावाचा स्वतंत्र कर्मचारी उभा राहिला.

डेव्हिड गेल्पेरिन व विल्यम हेट्झेल यांनी १९८८ मध्ये चाचणीच्या इतिहासाचे पाच कालखंड पाडले : १९५६ पर्यंत दोषनिवारणाचा, १९५७ ते १९७८ प्रात्यक्षिकाचा, १९७९ ते १९८२ विध्वंसाचा, १९८३ ते १९८७ मूल्यमापनाचा आणि त्यापुढे प्रतिबंधाचा. हे कालविभाजन आजही पाठ्यपुस्तकांत उद्‌धृत होते आणि कल्पनांचा इतिहास म्हणून ते उपयुक्तही आहे. परंतु चाचणी कोण करीत होते, त्यांना किती वेतन मिळे, त्यांचे म्हणणे कोण ऐकत असे, याविषयी ते पूर्णतः मौन बाळगते. इतिहासाच्या अभ्यासकाला ही उणीव खटकल्यावाचून राहत नाही.

ही उणीव किती महत्त्वाची आहे हे चॅलेंजर अवकाशयानाच्या चौकशीत दिसून येते. २८ जानेवारी १९८६ च्या दुर्घटनेनंतर नेमलेल्या आयोगाच्या अहवालास रिचर्ड फाइनमन यांनी जे परिशिष्ट जोडले, त्यात नासाच्या अन्य कार्यपद्धतीवर कठोर टीका आहे. यानावरील सॉफ्टवेअरच्या तपासणीची मात्र प्रशंसा आहे. तेथे पडताळणी करणारा गट निर्मात्यांपासून स्वतंत्र होता आणि जणू प्रतिपक्ष असल्याप्रमाणे वागत असे. त्या गटाला सापडलेली चूक ही गंभीर घटना मानली जाई. त्याच परिशिष्टात फाइनमन एक इशाराही देतात. इतक्या काळानंतर आता एवढ्या खर्चिक चाचण्यांची गरज उरलेली नाही, अशा सूचना व्यवस्थापनाकडून येऊ लागल्या होत्या, आणि त्यांना विरोध केला पाहिजे असे त्यांनी बजावले. चाचणी यशस्वी झाली की ती अनावश्यक भासू लागते, हा अनुभव पुढेही वारंवार आलेला दिसतो.

टायलर येथील दोन अपघात

थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचे प्रकरण संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअरमुळे झालेल्या जीवितहानीचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. चाचणीच्या पद्धतींच्या दृष्टीने त्याकडे पाहिले असता आणखी काही गोष्टी हाती लागतात. नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला तपशीलवार अभ्यास हा या प्रकरणाचा प्रमुख आधार होय.

हे यंत्र ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या कंपनीने तयार केले होते. अमेरिका व कॅनडात अशी ११ यंत्रे बसविण्यात आली. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात सहा रुग्णांना किरणांची अतिरिक्त मात्रा मिळाली. त्यांतील काही दगावले. थेरॅक-२० या आधीच्या यंत्रात चुकीच्या स्थितीत किरण बाहेर पडू नयेत यासाठी स्वतंत्र विद्युत व यांत्रिक अटकाव होते. नव्या यंत्रात ती जबाबदारी बहुतांशी सॉफ्टवेअरवर सोपविण्यात आली. सुरक्षिततेचे जे विश्लेषण कंपनीने १९८३ मध्ये केले, त्यात सॉफ्टवेअर वगळलेलेच होते.

टेक्सास राज्यातील टायलर येथील कर्करोग केंद्रात २१ मार्च १९८६ रोजी यंत्र चालविणाऱ्या महिलेने उपचाराचा प्रकार भरताना एक अक्षर चुकीचे टंकले. चूक लक्षात येताच तिने वर जाऊन ते दुरुस्त केले आणि पुढील रकाने झपाट्याने ओलांडून उपचार सुरू केला. रोजच्या सरावाने तिचा हात अत्यंत जलद झालेला होता. यंत्रातील चुंबके योग्य स्थितीत येण्यास सुमारे आठ सेकंद लागत. त्या आठ सेकंदांच्या आत केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसे, पण यंत्राच्या एका भागापर्यंत पोहोचतच नसे. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढाच संदेश उमटला. दुसऱ्या दिवशी कंपनीचे अभियंते आले. त्यांना दोष पुन्हा उत्पन्न करता आला नाही. यंत्र ७ एप्रिलला पुन्हा वापरात आले आणि ११ एप्रिलला तोच प्रकार दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत घडला.

त्यानंतर जे घडले ते आपल्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ व ती चालक महिला या दोघांनी यंत्रापाशी बसून तीच माहिती, तीच दुरुस्ती, निरनिराळ्या वेगाने पुनःपुन्हा भरली. अखेर हवा तेव्हा तो दोष उत्पन्न करून दाखविण्यात त्यांना यश आले. माहिती भरण्याचा वेग हेच कारण होते. कंपनीला हे कळविल्यावरही प्रथम तेथील अभियंत्याला दोष दिसेना. दुरुस्ती झपाट्याने करावी लागते हे समजावून सांगितल्यानंतर तो दिसला. ज्या अटीखाली चूक घडते ती अट कोणाच्याच लेखी नव्हती. ती केवळ एका सराईत हाताला ठाऊक होती.

या प्रकरणातील आणखी एक उपकथा अध्यापकांना विशेष रोचक वाटेल. टायलरची हकीकत कळल्यानंतर शिकागो विद्यापीठाशी संलग्न केंद्रातील एका भौतिकशास्त्रज्ञाला आठवले की, त्यांच्याकडील जुन्या थेरॅक-२० चे फ्यूज ठरावीक दिवसांतच वारंवार उडत. विद्यार्थ्यांची नवी तुकडी आली की हा उपद्रव सुरू होई आणि विद्यार्थी सरावले की थांबे. नवशिके विद्यार्थी सराईत माणसाला कधीही सुचणार नाहीत अशा क्रमाने माहिती भरीत. तोच दोष या यंत्रातही होता; फक्त तेथील विद्युत अटकावामुळे फ्यूज उडण्यापलीकडे काही घडत नव्हते. एका ठिकाणी अतिसरावाने आणि दुसऱ्या ठिकाणी सरावाच्या अभावाने एकच चूक उघडी पडली. दोन्ही ठिकाणी तिची पूर्वकल्पना करून आगाऊ चाचणी लिहिणे कोणालाही सुचले नव्हते.

यावरून स्वयंचलित चाचणी निरुपयोगी ठरते असे मुळीच नाही. दोष एकदा समजल्यावर तो पुन्हा शिरू नये यासाठी आठ सेकंदांच्या आतील दुरुस्तीची चाचणी प्रत्येक नव्या आवृत्तीवर चालविणे आवश्यक आहे आणि ते काम कंटाळा न येणाऱ्या यंत्रानेच करावे. माणूस तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर ती पायरी गाळतो.

ध्वनिमुद्रिकेपासून हिरव्या पट्टीपर्यंत

१९८० च्या दशकाच्या अखेरीस चित्रमय पडदे व माउस यांचा प्रसार झाला आणि चाचणी साधनांची बाजारपेठ उदयास आली. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या मर्क्युरी इंटरॲक्टिव्ह या कंपनीचे विनरनर हे साधन त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. माणसाने केलेल्या हालचाली ध्वनिमुद्रिकेप्रमाणे नोंदवून त्या हव्या तितक्या वेळा पुन्हा घडवून आणणे, हे या साधनांचे मूळ तत्त्व होते. पण पडद्यावरील एखादे बटण बोटभर सरकले की नोंदविलेली संपूर्ण चाचणी कोसळे, आणि ती सावरण्यात नव्याने चाचणी घेण्याइतका वेळ जाई. जेम्स बाक यांनी १९९० च्या दशकात या साधनांच्या विक्रेत्यांची तुलना सर्वरोगहारी औषध विकणाऱ्यांशी केली होती. सेम केनर यांनी त्याआधी १९८८ च्या पुस्तकात शोधक चाचणीची संकल्पना मांडली होती. तीत चाचणी आखणे, घेणे व प्रणालीविषयी शिकणे या गोष्टी एकाच वेळी चालतात. बाक यांनी ती पुढे नेली.

याच काळात स्वयंचलनाचा दुसरा प्रवाह आज्ञावलीकारांच्या बाजूने आला. केंट बेक यांनी १९९४ मध्ये स्मॉलटॉक भाषेसाठी चाचणीचा एक लहानसा सांगाडा प्रसिद्ध केला. १९९७ मध्ये एका परिषदेस जाताना विमानप्रवासात त्यांनी व एरिख गामा यांनी जावा भाषेसाठी त्याचे रूप तयार केले; तेच जेयुनिट. सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या की पडद्यावर हिरवी पट्टी, एकही फसली की लाल. पडदा सोडून आज्ञावलीच्या लहानात लहान घटकाची चाचणी घ्यावयाची असल्याने ध्वनिमुद्रिकेची अडचण येथे नव्हती. आधी चाचणी, मग आज्ञावली हा आग्रह यातूनच पुढे आला. २००९ मध्ये माइक कोन यांनी चाचण्यांचा पिरॅमिड मांडला. त्याच्या तळाशी घटकांच्या असंख्य चाचण्या, मध्ये सेवांच्या आणि शिखरावर पडद्यामार्फत घेतलेल्या मोजक्या, अशी त्याची रचना आहे. समतोलाविषयी आज जे आराखडे शिकविले जातात त्यांतील बहुतेक या आकृतीचे वंशज आहेत. माणसाने घ्यावयाच्या शोधक चाचणीला मात्र तिच्यात जागा नाही.

बोरिस बायझर यांनी १९९० मध्ये सांगितलेला ‘कीटकनाशकाचा विरोधाभास’ येथे लक्षात घ्यावयास हवा. एकच औषध वारंवार फवारले की उरते ती त्याला न जुमानणारी कीड; तसेच एकाच संचाच्या चाचण्या वारंवार चालविल्या की त्यांना न दिसणाऱ्या चुका तेवढ्या शिल्लक राहतात. कापूसपट्ट्यातील वाचकाला याचे अधिक स्पष्टीकरण नको. युरोपचे एरियन-५ हे रॉकेट ४ जून १९९६ रोजी उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले, ते अशाच एका उरलेल्या चुकीने. एरियन-४ मध्ये वर्षानुवर्षे निर्दोष चाललेली दिशादर्शक आज्ञावली जशीच्या तशी नव्या यानात वापरली गेली, आणि नव्या यानाच्या उड्डाणमार्गाची आकडेवारी देऊन तिची चाचणी घेतली गेली नाही.

डॉलरमधील साधने, रुपयांतील श्रम

पुण्याचे स्थान या इतिहासात येथून सुरू होते. १९८१ साली इन्फोसिसची स्थापना पुण्यात झाली. टाटा समूहाचे संगणकसंशोधन केंद्रही त्याच वर्षी येथे सुरू झाले. १९९१ मध्ये भारतीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान पार्क ही संस्था अस्तित्वात आली आणि उपग्रहामार्फत काम परदेशी पाठविणे सुकर झाले. इ. स. २००० च्या समस्येने, म्हणजे वर्ष दोनच अंकांत नोंदविल्याने उद्भवणाऱ्या गोंधळाने, भारतीय कंपन्यांना पाश्चात्त्य बँका व विमा कंपन्यांच्या जुन्या प्रणालींपर्यंत प्रवेश मिळवून दिला. तारखेचे रकाने साधनांनी शोधता येत. दुरुस्तीनंतर व्याजाची आकारणी व विम्याची मुदत बरोबर येते की नाही हे तपासावयास माणसे लागत.

या काळातील समतोल समजण्यासाठी एक साधी बाब पुरेशी आहे. चाचणी साधनांच्या परवान्यांची किंमत डॉलरमध्ये होती आणि चाचणी घेणाऱ्याचे वेतन रुपयांत. अमेरिकेत जेथे साधन घेणे किफायतशीर ठरे, तेथेच पुणे वा बंगळूर येथे आणखी काही माणसे नेमणे स्वस्त पडे. भारतात मानवी चाचणी दीर्घकाळ टिकली याचे कारण तंत्रज्ञानातील मागासलेपणात शोधले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते या हिशेबात शोधावयास हवे. २००४ मध्ये शिकागो येथे जेसन हगिन्स यांनी सेलेनियम हे साधन तयार केले व ते विनामूल्य उपलब्ध झाले, तेव्हा हा हिशेब पालटू लागला. सेलेनियम हे पाऱ्याच्या विषबाधेवर उतारा मानले जाते. मर्क्युरी या प्रतिस्पर्धी नावावरील ती कोटी होती. मर्क्युरी कंपनी २००६ मध्ये एचपीने विकत घेतली.

हा बदल पुण्यातील खासगी प्रशिक्षणवर्गांच्या पाट्यांवरही वाचता येतो. आधी तेथे केवळ ‘मॅन्युअल टेस्टिंग’ असे, नंतर त्यापुढे ‘व सेलेनियम’ जोडले गेले, आणि पुढे क्रम उलटला. बीसीएस, बीएस्सी झालेल्या, ग्रामीण भागांतून आलेल्या अनेक मुलामुलींनी हिंजवडी व खराडीच्या कंपन्यांत पहिले पाऊल टाकले ते मानवी चाचणीच्या दारातून. वर्षानुवर्षे एखादी विमाप्रणाली हाताळून त्यांनी मिळविलेले ज्ञान, म्हणजे कोणत्या रकान्यात काय भरले की प्रणाली अडखळते हे टायलरच्या चालक महिलेजवळ होते त्या जातीचे ज्ञान, कोणत्याही प्रमाणपत्रात मावत नाही. पगारवाढीच्या वेळी त्यांना विचारले जाते ते साधनांविषयी.

तपासणाऱ्याची तपासणी

स्वयंचलित चाचणीही एक आज्ञावलीच असल्याने तीही चुकते. गूगलने २०१६ मध्ये दिलेल्या माहितीनुसार तेथील चाचण्यांच्या सुमारे १.५ टक्के निकालांत कारणाविना चंचलता आढळत होती, आणि सुमारे १६ टक्के चाचण्यांत कमीअधिक प्रमाणात हा दोष होता. आज्ञावलीत काहीही बदल न होता आज उत्तीर्ण झालेली चाचणी उद्या अनुत्तीर्ण होई. अशा लाल पट्टीकडे दुर्लक्ष करण्याची सवय जडते आणि खरी सूचनाही त्यात बुडून जाते.

मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या सुमारास अनेक गटांतील स्वतंत्र चाचणी अभियंत्याचे पद मोडीत काढून ते काम आज्ञावलीकारांकडे व काही अंशी स्वेच्छेने नव्या आवृत्त्या वापरणाऱ्यांकडे सोपविले. ऑक्टोबर २०१८ मधील विंडोज १० ची आवृत्ती काही वापरकर्त्यांच्या फायली नष्ट करू लागल्याने अल्पावधीतच मागे घ्यावी लागली. तशा तक्रारी काही स्वयंसेवकांनी आधीच नोंदविल्या होत्या. त्यांना पुरेशी मते न मिळाल्याने त्या वर आल्या नाहीत. या दोन घटनांत थेट कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे होईल. तथापि माणसांनी चूक पाहिली होती आणि ती ऐकण्याची जबाबदारी कोणा एकावर उरलेली नव्हती, एवढे निश्चित म्हणता येते.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका अद्ययावत फायलीमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवेशपत्रे हाताने लिहून द्यावी लागली. कंपनीच्याच अहवालानुसार नव्या रचनेत २१ रकाने अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात २० पुरविले जात होते. चाचण्यांमध्ये एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण असल्याने ही तफावत उघड झाली नाही, आणि फाइल तपासणाऱ्या स्वयंचलित साधनानेही तिला हिरवा कंदील दाखविला. ही फाइल सर्व ग्राहकांकडे टप्प्याटप्प्याने न जाता एकदम गेली.

देवनागरीचा पडदा

समतोलाचा हा प्रश्न मराठीच्या संदर्भात कसा उभा राहतो, हे एका उदाहरणाने पाहता येईल. ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ या शब्दांतील भेद मराठी वाचकास सांगावा लागत नाही. युनिकोडमध्ये दुसऱ्या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो : एक तर ऱ हे स्वतंत्र अक्षर व हलन्त वापरून, किंवा साधा र, हलन्त व त्यापुढे अदृश्य असे जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र त्या दोन भिन्न अक्षरमालिका आहेत आणि युनिकोडच्या सामान्यीकरणाच्या नियमांनीही त्या एकरूप होत नाहीत. ‘गोऱ्हे’ हे आडनाव एका कार्यालयात एका प्रकारे व दुसऱ्या कार्यालयात दुसऱ्या प्रकारे टंकले गेले, तर शोध घेणारी प्रणाली असा इसम नाही असे सांगू शकते. ही अडचण एकदा माणसाच्या ध्यानात आली की तिची चाचणी लिहिणे सोपे आहे, आणि ती लिहिलीच पाहिजे. ग्रंथालयाच्या सूचीतील हजारो नोंदी दररोज तपासणे कोणा कर्मचाऱ्याच्या आवाक्यातील नाही.

ल व श या अक्षरांची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल व देठयुक्त श ही मराठीची रूपे ठरविली. युनिकोडमध्ये मराठी ल व हिंदी ल यांचा क्रमांक एकच आहे. रूप ठरते ते फॉन्टवर आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदली आहे की नाही यावर. अक्षरांचे क्रमांक ताडून पाहणाऱ्या चाचणीला यात काहीच वावगे दिसणार नाही. पडद्याची छायाचित्रे घेऊन ती आधीच्या छायाचित्राशी पडताळणारी साधने आता उपलब्ध आहेत, आणि चाचण्यांचा मसुदा लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आली आहेत. छायाचित्रांची साधने रूप बदलल्याचे तत्काळ सांगतील. परंतु ज्या पहिल्या छायाचित्राशी तुलना करावयाची, ते कोणा माणसाने योग्य म्हणून मान्य केलेले असते. ती मान्यता देणाऱ्याला हिंदी वळणाच्या ल आणि श यांचीच सवय असेल, तर पुढील प्रत्येक आवृत्तीत ते साधन हिंदी वळण इमानेइतबारे जपत राहील, आणि कोणी ते मराठी वळणाचे केले तर ती चूक म्हणून नोंदवील.